नराचे गर्भारपण: नळीमासे आणि समुद्रघोडे यांवरील पुस्तिकेच्या प्रकल्प नोंदी

४ जून

आजपासून पुस्तिकेचे काम हाती घेतले. विषय असा: नळीमासे, समुद्रघोडे आणि त्यांच्याच गोतातले समुद्री ड्रॅगन यांचे प्रजनन, आणि या माशांत नराने पिले वाढवण्याची रीत. हे सर्व मासे सिंग्नॅथिडी या एकाच कुलातले असून त्यांच्या सुमारे ३०० जाती ज्ञात आहेत. बापाने अंड्यांची राखण करणे हे माशांमध्ये दुर्मीळ नाही. स्टिकलबॅकचा नर घरटे बांधून त्यावर पहारा देतो आणि कार्डिनल माशाचा नर फळलेली अंडी तोंडात धरून हिंडतो. परंतु मादीची अंडी आपल्या अंगावर किंवा अंगात घेऊन, त्यांना प्राणवायू पुरवून, क्षारांचा तोल सांभाळून आणि दिवस भरले की पिलांना बाहेर सोडून नराने जवळजवळ गर्भाशयाचेच काम करावे, इतक्या थराला गेलेली व्यवस्था या कुलाचे खास वैशिष्ट्य आहे.

पुस्तिका वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांसाठी आहे. या विषयावरचे सोपे लिखाण बहुधा ‘येथे बाप बाळंत होतो’ या एका वाक्यावर थांबते आणि वाचकाला पुढे काही विचारावेसे वाटण्याआधीच संपते. मला दोन गोष्टी नीट मांडायच्या आहेत. पहिली, नराची पिशवी हे अंडी साठवण्याचे नुसते पात्र नसून ते जिवंत देवाणघेवाण करणारे इंद्रिय आहे. दुसरी, जी मला अधिक महत्त्वाची वाटते: गर्भ कोण वाहतो, एवढ्यावरून जोडीदारासाठी कोण झगडणार हे ठरत नाही. या दोन गोष्टी एकच मानल्या की सगळे चित्र चुकते.

९ जून

पहिल्या पानावरचा तक्ता आखला. अंडी कुठे आणि कशी वाढतात त्यानुसार कुलाची मांडणी केली आहे. नेरोफिस आणि एन्टेल्युरस या प्रजातींच्या नळीमाशांत पिशवी मुळीच नसते; मादी आपली चिकट अंडी नराच्या पोटाच्या खालच्या बाजूला थेट चिकटवते आणि ती उघड्या पाण्यातच वाढतात. समुद्री ड्रॅगनमध्ये अंडी शेपटीच्या खालच्या अंगाला बसतात आणि प्रत्येक अंड्याभोवती त्वचा वाटीसारखी वर येते; फिलोप्टेरिक्स टिनिओलेटस या जातीचा नर अशी सुमारे २५० अंडी वागवतो. सिंग्नॅथस प्रजातीत शेपटीच्या दोन्ही कडांनी त्वचेच्या घड्या वाढून मध्यरेषेवर एकमेकींना भिडतात आणि लांबट पिशवी तयार होते. समुद्रघोड्यात, म्हणजे हिप्पोकॅम्पस प्रजातीत, पिशवी पूर्ण बंद असते. तिला वरच्या टोकाशी एक लहानसे तोंड असते आणि अंडी आत गेली की तेही मिटते.

हा तक्ता शिडीसारखा काढायचा नाही, असे पक्के ठरवले. अनेक चित्रांत नेरोफिस खालच्या पायरीवर आणि समुद्रघोडा शिखरावर असतो, जणू पहिला अर्धवट राहिला आणि दुसरा पूर्णत्वाला पोहोचला. वास्तविक धडावर अंडी वागवणारे आणि शेपटीवर अंडी वागवणारे अशा दोन शाखा या कुलात फार पूर्वीच वेगळ्या झाल्या, आणि पिशवीचे निरनिराळे घाट त्या त्या शाखेत स्वतंत्रपणे घडले. म्हणून तक्त्यात फांद्या असतील, पायऱ्या नसतील.

१५ जून

विभागाच्या संग्रहातला सिंग्नॅथस प्रजातीचा एक परिरक्षित नर सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. बाहेरून पाहता शेपटीचा पुढचा भाग किंचित फुगीर दिसतो आणि मधोमध एक शिवण जाते, एवढेच. सुईच्या टोकाने एक घडी अलगद उचलली तेव्हा आतली रचना दिसली. अंडी ओळींनी लागलेली होती आणि प्रत्येक अंड्याला स्वतःचा खळगा होता. एक अंडे बाजूला घेतल्यावर त्याखालचा खळगा मोकळा झाला; त्याच्या भिंतीत बारीक गडद रेषांचे जाळे होते. त्या केशवाहिन्या. भ्रूणाचे डोळे काळे झालेले, शेपटी पीतकाच्या (अंड्यातल्या अन्नसाठ्याच्या) गोळ्याभोवती वळलेली, आणि तोंडाची नळी अजून आखूड. मोठ्या माशाची ती लांबोडी नळी या अवस्थेत नुकतीच पुढे येऊ लागलेली असते.

सर्व खळगे सारखे भरलेले नव्हते. काही ठिकाणी पूर्ण भ्रूणाऐवजी सुरकुतलेला, पिवळट गोळा होता, शेजारच्या भ्रूणाच्या निम्म्याहूनही लहान. परिरक्षणात अंडी आकसतात हे खरे, पण शेजारची अंडी टपटपीत असताना काहीच आकसावीत हे केवळ रसायनाचे काम नसावे. या गोळ्यांचे रेखाचित्र स्वतंत्रपणे काढून ठेवले. पुढच्या एका प्रकरणात त्यांची गरज लागणार आहे.

१६ जून

कालच्या रेखाचित्रांवर खुणा आणि प्रमाणरेषा घातल्या.

२४ जून

आज समुद्रघोड्यांच्या मीलनाचे पान लिहिले. नर आणि मादी शेपट्या गुंतवून एकाच आधाराला धरतात, रंग उजळतात, शेजारीशेजारी पोहतात. नर आपली रिकामी पिशवी पाण्याने फुगवून आणि पुन्हा दाबून ती मादीला दाखवतो. शेवटी दोघे समोरासमोर येऊन पाण्यात वर चढतात, मादी अंडी सोडण्याची नळी पिशवीच्या तोंडावर टेकवते आणि काही सेकंदांत सर्व अंडी नराच्या स्वाधीन होतात. नंतर नर अंग हलवून अंडी पिशवीत नीट बसवून घेतो.

फलन पिशवीत होते, असे सरसकट सांगितले जाते. पण त्यात एक अडचण आहे आणि ती विद्यार्थ्यांपुढे ठेवलीच पाहिजे. नराची शुक्रवाहिनी पिशवीत उघडत नाही; ती बाहेर, पिशवीच्या तोंडाच्या वर उघडते. म्हणजे शुक्रपेशींना आत शिरायचे तर बाहेरच्या पाण्यातून जावे लागते. हिप्पोकॅम्पस कुडा या जातीवर २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दाखवले की पिशवी मिटण्यापूर्वी या कामासाठी जेमतेम सहा सेकंदांचा अवकाश मिळतो. नराच्या वृषणात शुक्रपेशींची संख्याही इतर माशांच्या तुलनेत फारच तुटपुंजी असते, आणि ते समजण्यासारखे आहे, कारण पिशवीत दुसऱ्या नराच्या शुक्रपेशी येण्याची भीती जवळजवळ नसते. जनुकीय चाचण्यांतही पिशवीतली पिले त्या नराचीच असल्याचे आढळले आहे. आपण वाढवतो ती पिले आपलीच आहेत, याची इतकी खात्री प्राणिजगतात फार थोड्या बापांना असते.

३ जुलै

पिशवीच्या आतल्या कारभाराचे प्रकरण. हे मी सर्वांत सावकाश लिहिणार आहे, कारण पहिला मुद्दा येथेच सिद्ध होतो.

अंडी आत आली की पिशवीचे आतले अस्तर जाड होते, त्यात रक्तवाहिन्यांची दाटी वाढते आणि ऊती प्रत्येक अंड्याला वेढून घेतात. बापाचे रक्त आणि भ्रूण यांच्यामध्ये पेशींचा पातळ पडदा एवढेच अंतर उरते. प्राणवायू आत जातो, कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. सस्तन प्राण्यांची वार आणि ही ऊती यांची घडण वेगवेगळ्या वाटांनी झाली आहे, पण काम पाहिले तर साम्य नाकारता येत नाही.

क्षारांचे नियमन मला विशेष लक्षणीय वाटते. समुद्राचे पाणी माशाच्या शरीरद्रवाहून कितीतरी खारट असते. कोवळ्या भ्रूणाकडे स्वतःचा तोल राखण्याची यंत्रणा तयार झालेली नसते, म्हणून सुरुवातीला पिशवीतला द्रव बापाच्या शरीरद्रवाच्या जवळचा ठेवला जातो. दिवस जातात तसा तो हळूहळू खारट होत जातो आणि जन्माच्या सुमारास समुद्राच्या पाण्याशी जुळता येतो. १९६४ मध्ये हिप्पोकॅम्पस इरेक्टसच्या पिशवीतील द्रव तपासून हा बदल नोंदवला गेला. म्हणजे पिलू अचानक खाऱ्या पाण्यात फेकले जात नाही. बाप त्याला बाहेरच्या पाण्याची सवय आतूनच लावतो. नेरोफिसच्या उघड्या अंड्यांना यातले काहीच मिळत नाही, आणि म्हणूनच ९ जूनचा तक्ता या पानासमोर पुन्हा छापायचा आहे.

अन्नाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. अंड्यातला पीतक मादीने दिलेला असतो आणि वाढीचा मोठा भार तोच उचलतो. परंतु सिंग्नॅथस टायफल या जातीत बापाला खुणेची पोषकद्रव्ये देऊन पाहिले तेव्हा ती भ्रूणांत पोहोचलेली आढळली. हिप्पोकॅम्पस ॲबडॉमिनॅलिस या मोठ्या पोटाच्या समुद्रघोड्याच्या पिशवीतील जनुकांचे कार्य २०१५ साली टप्प्याटप्प्याने तपासले गेले, तेव्हा पोषण, क्षारांची वाहतूक आणि रोगप्रतिकार यांच्याशी संबंधित जनुके गर्भारपणात कामाला लागत असल्याचे दिसले.

८ जुलै

जनुकांच्या पानासाठी मजकूर आवरता घेतला. हिप्पोकॅम्पस कोम्स या जातीचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकसंच, डिसेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पॅट्रिस्टासिन नावाच्या जनुकाच्या अनेक प्रती आढळल्या आणि त्यांतील बहुतेक नराच्या पिशवीत, गर्भारपणाच्या काळात सक्रिय असतात. त्याच अभ्यासात टीबीएक्स४ हे जनुक समुद्रघोड्यात नसल्याचे दिसले. झेब्रा माशात ते निकामी केल्यावर त्याचेही श्रोणिपर (पोटाखालचे जोडीचे पर) नाहीसे झाले, म्हणजे समुद्रघोड्याला हे पर का नसतात याचा एक धागा हाती आला.

याहून मोठी गोष्ट रोगप्रतिकाराची. भ्रूणात निम्मी जनुके परक्या शरीराची असतात, तरी वाहणाऱ्या शरीराने त्याला परके मानून हाकलता कामा नये. गर्भारपणाचा हा मूळ पेच नरालाही चुकत नाही. सिंग्नॅथस टायफलने एमएचसी वर्ग २ ही पृष्ठवंशी प्राण्यांच्या प्रतिकारव्यवस्थेतली प्रमुख यंत्रणाच गमावली आहे, आणि समुद्रघोड्यातही तिच्या मार्गात लक्षणीय फेरफार झालेले आहेत, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात मांडले गेले. गर्भ सामावून घेण्यासाठी ही किंमत मोजली गेली असावी, असा त्यामागचा तर्क आहे. तो मला पटण्याजोगा वाटतो, पण पुस्तिकेत त्याला तर्क म्हणूनच स्थान द्यायचे.

१७ जुलै

पुस्तिकेचा गाभा आज लिहिला.

जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रायव्हर्स यांनी १९७२ साली मांडलेला विचार असा की संततीवर ज्या लिंगाचा खर्च अधिक, ते लिंग जोडीदार पारखून घेते, आणि ज्याचा खर्च कमी ते जोडीदारासाठी आपसांत झगडते. बहुतेक प्राण्यांत अधिक खर्च मादीचा असतो. म्हणून जेथे नर गर्भ वाहतो तेथे भूमिका उलटलेल्या असणार, असा निष्कर्ष सरळ निघतो, आणि नळीमाशांच्या काही जातींत तो अक्षरशः खरा ठरतो. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरील समुद्री गवतात सिंग्नॅथस टायफल आणि नेरोफिस ओफिडियन या दोन जातींचा दीर्घकाळ अभ्यास झाला आहे. एका नराचे गर्भारपण पूर्ण होईपर्यंत एक मादी जवळपास दोन नरांना पुरतील इतकी अंडी तयार करते. साहजिकच मोकळे नर कमी पडतात. माद्या त्यांच्यासाठी स्पर्धा करतात आणि नर मोठ्या अंगाची मादी पसंत करतात. नेरोफिस ओफिडियनमध्ये तर ठळक निळा रंग आणि पोटाखालची त्वचेची झालर हा साजशृंगार मादीच्या अंगावर असतो. नर साधाच राहतो.

आता समुद्रघोडा. पिशवी सर्वांत बंदिस्त, बापाची गुंतवणूक सर्वांत खोल. म्हणजे भूमिका येथे सर्वाधिक उलटलेल्या असायला हव्यात. प्रत्यक्षात तसे नाही. समुद्रघोड्यांच्या अभ्यासक ॲमांडा व्हिन्सेंट यांनी १९९४ साली हिप्पोकॅम्पस फस्कसवरील निरीक्षणांतून दाखवले की जोडीदारासाठी अधिक तीव्र झगडा नरच करतात. ते शेपट्यांनी एकमेकांना आवळून ओढतात आणि मुस्कटाचा झटका देऊन प्रतिस्पर्ध्याला दूर ढकलतात. गर्भ वाहणारा तोच, आणि तो वाहण्याच्या संधीसाठी भांडणाराही तोच.

याचा उलगडा वेगात आहे. टिमथी क्लटन-ब्रॉक आणि व्हिन्सेंट यांनी १९९१ मध्ये अनेक प्राण्यांची तुलना करून दाखवले की जेथे पिलांची जबाबदारी नरावर असते तेथे पुढच्या विणीसाठी जे लिंग लवकर मोकळे होऊ शकते, तेच जोडीदारासाठी स्पर्धा करते. सिंग्नॅथस टायफलची मादी नराच्या आधी तयार होते, म्हणून ती झगडते. समुद्रघोड्याच्या मादीला पुढच्या अंड्यांचा संच तयार करायला वेळ लागतो आणि नर मात्र पिले सोडल्यावर काही तासांत किंवा फार तर थोड्या दिवसांत पुन्हा अंडी घेऊ शकतो. पिशवी किती गुंतागुंतीची आहे यापेक्षा ती किती लवकर रिकामी होते हे येथे निर्णायक ठरते. विद्यार्थ्यांनी या पुस्तिकेतून एकच गोष्ट सोबत न्यायची असेल तर ती ही, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी शेजारीशेजारी दोन कालपट्ट्या काढल्या: एकीत नर गर्भार असतानाच मादी पुन्हा तयार होऊन वाट पाहते, दुसरीत दोघांचे चक्र एकमेकांच्या सोबतीने फिरते.

या सोबतीला वागण्यातही रूप मिळाले आहे. हिप्पोकॅम्पस व्हाइटी या ऑस्ट्रेलियाच्या जातीत गर्भारपणाच्या संपूर्ण काळात मादी रोज सकाळी नराकडे येते. दोघे रंग उजळतात, एकाच गवताच्या पात्याला शेपूट लावून त्याभोवती फिरतात आणि काही मिनिटांत वेगळे होतात. रोजच्या या भेटीमुळे दोघांची शारीरिक तयारी एकमेकांशी जुळून राहते आणि बाळंतपणानंतर वेळ वाया जात नाही, असे मानले जाते.

१९ जुलै

परवाच्या पानाला एक पुरवणी आवश्यक आहे. एकजोडी राहणाऱ्या जातींत भूमिका नेहमीच्या आणि अनेक जोडीदार करणाऱ्या जातींत उलट, असा नियम यावरून बांधावासा वाटतो. पण कोरिथोइक्थिस हिमॅटोप्टेरस हा नळीमासा एकजोडी राहतो आणि तरीही त्याच्यात पुढाकार मादीचा असतो. म्हणून नियमाचे वाक्य छापायचे नाही. दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवायची.

२८ जुलै

सुरकुतलेल्या गोळ्यांचे प्रकरण आज पूर्ण झाले. पिशवीतली सगळी अंडी पिले होऊन बाहेर येत नाहीत. सिंग्नॅथस टायफलच्या भ्रूणांत खुणेची अमिनो आम्ले घालून २०१० साली तपासणी झाली, तेव्हा ती बापाच्या ऊतींत आणि रक्तात पोहोचलेली सापडली. म्हणजे पोषण एकाच दिशेने वाहत नाही. अर्धवट राहिलेल्या भ्रूणांतले द्रव्य बाप शोषून घेऊ शकतो.

त्याच वर्षी सिंग्नॅथस स्कोव्हेली या मेक्सिकोच्या आखातातील नळीमाशावरचे काम प्रसिद्ध झाले. मोठ्या अंगाच्या मादीकडून मिळालेल्या अंड्यांतून अधिक पिले जगली, आणि एका विणीत बापाने भरपूर पिले वाढवली असली तर पुढच्या विणीतील पिलांचे जगण्याचे प्रमाण घटले. बाप आपली शक्ती कोणत्या मादीच्या पिलांवर किती खर्चायची याचा हिशेब शरीराच्या पातळीवर ठेवतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. त्यामुळे पिशवीचे वर्णन ‘मायेची ऊब’ अशा शब्दांत करायचे मी टाळले आहे. तिच्यात संगोपन आहे आणि निवडही आहे. दोन्ही एकाच ऊतीत, एकाच वेळी चालतात, आणि यामुळे या माशांबद्दलचा माझा आदर वाढलाच आहे.

६ ऑगस्ट

बाळंतपणाचे पान. जाती आणि पाण्याचे तापमान यांनुसार समुद्रघोड्याचे गर्भारपण साधारण १० दिवसांपासून सहा आठवड्यांपर्यंत चालते. पाणी थंड असेल तर दिवस वाढतात. अंडी पिशवीतच फुटतात आणि पिले काही काळ आतच राहतात. हिप्पोकॅम्पस झॉस्टेरी या इवल्या जातीत पिलांची संख्या काही डझनांपलीकडे जात नाही, तर मोठ्या जातींत ती एक हजारावर जाऊ शकते.

चित्रफीत एकेक चौकट थांबवून पाहिली. नर शेपटीने आधार घट्ट धरतो, धड पुढे वाकवतो, पुन्हा मागे ताठ करतो. दर वाकण्यासरशी पिशवीचे तोंड उघडते आणि पिलांचा एक झोत बाहेर पडतो. काही पिले शेपटीकडून, काही डोक्याकडून निघतात. बाहेर पडताच ती सरळ उभी होतात आणि पाठीवरचा पर थरथरू लागतो. मध्ये थोडी विश्रांती, मग पुन्हा तेच.

ही हालचाल कशाच्या बळावर होते, याचे उत्तर २०२२ मध्ये मिळाले आणि ते अपेक्षेहून वेगळे आहे. सस्तन मादीचे गर्भाशय ऑक्सिटोसिनच्या प्रभावाने आपोआप आकुंचन पावते. समुद्रघोड्यात याच जातकुळीचे आयसोटोसिन हे संप्रेरक असते, पण हिप्पोकॅम्पस ॲबडॉमिनॅलिसच्या पिशवीच्या ऊतीवर ते प्रयोगशाळेत वापरले तेव्हा ती आकसली नाही. पिशवीच्या भिंतीत अनैच्छिक स्नायू विखुरलेले आणि अगदी थोडे आढळले. त्याऐवजी पिशवीच्या तोंडाशी, गुदपराच्या (गुदद्वारामागच्या पराच्या) तीन हाडांना जोडलेले मोठे ऐच्छिक स्नायू सापडले. इतर माशांत हे स्नायू पर हलवतात. नर समुद्रघोड्यात तेच पिशवीचे दार उघडण्याच्या कामी लागलेले दिसतात. ही तीन हाडे आणि त्यांचे स्नायू मोठ्या आकारात काढायचे आहेत. पिशवीचा आडवा छेद त्याच पानावर खाली येईल.

११ ऑगस्ट

शेवटचे पान घोस्ट नळीमाशांना, म्हणजे सॉलेनोस्टोमस प्रजातीला दिले. हे सिंग्नॅथिडी कुलाचे अगदी जवळचे आप्त, तरी येथे अंडी मादी वागवते: तिचे मोठे श्रोणिपर जुळून पोटाखाली खोळ तयार होते आणि अंडी त्यात वाढतात. समुद्रघोड्याने हे पर कधीच गमावले आहेत. दोन सख्ख्या शेजारी कुलांत एकाकडे गर्भ मादीच्या परांत आणि दुसऱ्याकडे नराच्या पोटाशी किंवा शेपटीशी, ही तुलना मूळ तक्त्याच्या फांदीवर जोडली आहे.

त्याच पानाच्या खालच्या भागात संरक्षणाचा मजकूर बसवला, कारण तो प्रजननापासून वेगळा काढता येत नाही. सर्व समुद्रघोडे साइट्स कराराच्या, म्हणजे वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात असून ही तरतूद मे २००४ पासून लागू आहे. व्यापारासाठी किमान १० सेंटिमीटर उंचीची शिफारस आहे, ती माशाला एकदा तरी विण्याची संधी मिळावी म्हणून. जाळ्यात गर्भार नर सापडला तर त्याच्यासोबत पिशवीतली सगळी पिलेही जातात, आणि एकजोडी राहणाऱ्या जातीत मागे उरलेल्या मादीला नवा जोडीदार मिळून चक्र पुन्हा जुळेपर्यंत वीण थांबते. या वाक्यासाठी कालपट्टीचे चित्र पुन्हा वापरायचे, फक्त नराची पट्टी मध्येच तोडून. चित्रकाराकडे मजकूर आणि सर्व रेखाचित्रे आज रवाना केली.